तोंडपाठ

न्यू जर्सीतल्या हायस्कुलात अमेरिकन हिस्टरीच्या बाईंनी चौऱ्याऐंशी साली पहिल्याच तासाला बजावलं होतं, कॉपी केली तर सरळ नापास. पद्मिनीचं उत्तर हुबेहूब पुस्तकातलं निघालं, तेव्हा तिचे बाबा ऑफिस टाकून शाळेत धावले. “पोरीनं कॉपी नाही केली हो, मॅडम! तिला पुस्तक तोंडपाठ आहे. मीच रोज घोकून घेतो,” ते गयावया करत म्हणाले. पुण्यात ते असेच बोर्डात आले होते. “सिव्हिल वॉर का झालं?” बाईंनी पुस्तक उघडून विचारलं. पद्मिनीनं डोळे मिटून अख्खं पान घडाघडा म्हणून दाखवलं. बाबांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी पुस्तक मिटलं. “पटलं. पण याबद्दल तुला काय वाटतं? तेवढं सांग, पास करते.” “सांग गं, काहीही सांग!” बाबा कळवळले. पद्मिनीला रडू फुटलं. “बाबा, ते कुठल्या पानावर आहे?”