उभा शिंपी

नळ पुन्हा सुटला. पुरता सोडलेला, बादलीच्या तळाशी आपटणारा. ओट्यापाशी तिचा हात थांबला. सासऱ्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण सकाळच्या वेळी न्हाणीघरातून येणारा हा आवाज त्यांचाच. दार लावायचं, नळ सोडायचा आणि आत बसून राहायचं. क्षणभर तिला वाटलं, आता कडी वाजेल आणि तोंड पुसत तेच बाहेर येतील.

कडी वाजली. नवरा बाहेर आला. कपाळावर घाम, आणि हातातल्या टॉवेलचं टोक चावून ओलं झालेलं.

"झालं?"

त्याने नुसती मान हलवली. नाही.

फिशरचं ऑपरेशन होऊन तो घरी आल्यापासून हेच चाललं होतं. शौचाच्या जागी पडलेली चीर डॉक्टरांनी नीट केली होती, पण न्हाणीघरातल्या संडासात जायचं म्हटलं की त्याच्या अंगाला कापरं भरायचं. शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकांना त्याने सांगून ठेवलं होतं, पाठ धरली आहे. समोरचा इस्त्रीवाला बिचारा मालिशचं तेल घेऊन आला. "पाठच म्हणायची, जरा खालची," तो गेल्यावर ती म्हणाली. नवरा हसला नाही. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. नशीब, यांची लेक अजून शाळेत होती.

डॉक्टरांनी बजावलं होतं. खाणं सोडलं तर शौचाला खडा होईल, आणि खडा झाला तर जखम पुन्हा फाटेल. म्हणून तिने भात मऊ शिजवला, भाज्यांचं सूप केलं, पपई चिरली. तो खिडकीपाशी उभ्यानेच जेवायला लागला. दोन घास गेले. मग त्याने हाताच्या पाठीने ताट हलकेच पुढे सरकवलं.

अगदी तसंच. बापाचाच हात.

सासरेही शिंपीच. जन्मभर मशीनवर बसून शिवलेलं. शेवटी शेवटी त्यांनी मशीनच्या पायांखाली विटा लावल्या आणि एक पाय पॅडलवर ठेवून उभ्याने शिवायला लागले. लोक त्यांना उभा शिंपी म्हणायचे. म्हातारचळ लागलाय, म्हणून घरातही सगळे हसले. मग त्यांचं जेवणही उभ्याने व्हायला लागलं, आणि मग जेवणच कमी झालं. ती तेव्हा नवी सून. सासूबाई आधीच गेलेल्या, विचारणार कुणाला? तिने तिखट कमी करून पाहिलं, तेल कमी करून पाहिलं. ताट परत यायचं ते यायचंच. एक दिवस ते लेकीकडे राहायला निघाले. उंबऱ्यात थांबून तिला म्हणाले, "तुझ्या हाताला चव आहे गं पोरी. तीच नडते."

असा टोमणा तिला उभ्या जन्मात कुणी मारला नव्हता. लेकीकडे ते सुकत सुकत गेले. नणंद आजही चारचौघांत म्हणते, सुनेच्या हातचं माझ्या बाबांना गोड लागलं नाही. आणि ती आजही कुणालाही वाढलं की आधी त्याच्या हाताकडे बघते.

"तुलाही माझ्या हातचं नको झालं?" तिने विचारलं.

"तुझ्या हाताचा काय संबंध?" तो वैतागला. "खाल्लं की जावं लागतं. आत काच फिरवल्यासारखं होतं गं. आणि तू असं चवीचं करून ठेवतेस की हात आवरत नाही. त्यापेक्षा ताट समोरच नको."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो खिडकीला टेकून, सगळा भार एका पायावर देऊन उभा होता.

"बाबा उभ्याने का शिवायचे रे?" ती म्हणाली.

त्याने बोलायला तोंड उघडलं. म्हातारचळ हा शब्द ओठांवर आला असावा, पण बाहेर पडला नाही. त्याची नजर ताटावर गेली, तिथून न्हाणीघराच्या दाराकडे.

"आपण दोघं होतो की घरात," तो म्हणाला. "एका शब्दाने सांगायचं तरी."

"तू इस्त्रीवाल्याला काय सांगितलंस?"

तिने ताट पुन्हा त्याच्या पुढ्यात सरकवलं. "खा. सगळं संपव. उद्या मी दाराशी बसते." तो भीत भीत जेवला. शेवटचा घास होईपर्यंत ती समोरून हलली नाही.

सकाळी न्हाणीघराचं दार लागलं आणि नळ सुटला. ती दाराला पाठ लावून खाली बसली. पाणी बादली भरून वाहायला लागलं. याच जागेवर उभं राहून तिने तेव्हा कितीदा कुरकुर केली होती. पाणी काय फुकट येतं का, म्हातारा आत करतो तरी काय. आतून कधी उलटा शब्द आला नव्हता. ते आठवलं आणि तिला रडू फुटलं.

"नळ बंद करा, बाबा," ती दाराला म्हणाली. "ऐकायला घरचंच माणूस आहे."

नळ बंद झाला. आणि त्या दारामागचं कण्हणं तिला पहिल्यांदाच ऐकू आलं.