गुंडीची भूक

"पोट आहे की पिंप?" असं म्हणत तिने लेकीच्या, गुंडीच्या फ्रॉकची कंबर परत एकदा उसवायला घेतली. "हलू नकोस. सुई टोचेल."

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली तिची आई हसली. "वाढतं वय आहे. तूही अशीच होतीस."

"मी? मला एक घास भरवायला तू गल्लीभर फिरायचीस म्हणे."

"मग बापावर गेली असेल. सारखी भूक भूक करते पोर. दुपारी वाढलं की संध्याकाळी परत हजर. उद्यापासून भात थोडा जास्तच टाक."

गुंडी आजीकडे बघत होती.  जन्मली तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढी होती, म्हणून आजीनेच हे नाव ठेवलं होतं. आता गालांमुळे तिचे डोळे बारीक दिसायला लागले होते.

"आणि तुझा हा गाऊन केवढा ढगळ झालाय, आई. दे, बाजूने आत घेते."

"राहू दे. हवा खेळते. आधी गिऱ्हाइकांचं बघ. आम्ही काय, फुकटे."

गणवेशांचे दिवस होते. तिच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात बाह्या, पट्टे, चेन यांचा ढीग पडलेला असायचा. सकाळी स्वयंपाक करून ती निघायची, ती दिवेलागणीनंतर घरी यायची. तोवर आजी-नातीची जेवणं उरकलेली असायची. मोरीशेजारी दोन ताटं पडलेली दिसायची. दोन्ही लख्ख, शीतसुद्धा शिल्लक नाही. ती ताटं बघितली की तिला बरं वाटायचं. मग ओट्याशी उभ्या उभ्या ती आपलं जेवून घ्यायची.

एका रात्रीही तसंच झालं. गुंडी लवकर झोपली होती. आईने पाणी मागितलं, ते हळूहळू प्यायली आणि म्हणाली, "तू दमलीस. झोप जा."

सकाळी आई उठली नाही.

डॉक्टरांनी चादर परत वर ओढली. "शरीर फारच खंगलं होतं. खाणंपिणं कसं होतं?"

"उत्तम होतं. ताट पुसून खायची."

"असं होतं या वयात. खाल्लेलं अंगी लागत नाही." डॉक्टरांनी बॅग बंद केली.

आलेगेले पाहुणे पांगले. घरात दोघीच उरल्या. तिने टेबलावर दोन ताटं मांडली, तशी गुंडी खुर्चीवरून उतरली, कपाटातून तिसरं ताट काढलं आणि आजीच्या जागेवर ठेवलं.

"आजीचं."

तिला गलबलून आलं. तिने चमचाभर भात वाढला.

"एवढासा नाही. असतो तेवढा वाढ."

गुंडीने आपलं ताट संपवलं. मग आजीच्या खुर्चीत चढून बसली आणि तेही संपवलं.

पोर आहे, विसरेल, असं तिला वाटलं. पण हे रोजचंच झालं. गुंडी चवीने खात नव्हती. मान खाली घालून, मध्ये दम घेत, एक घास आणि एक घोट पाणी असं करत ती घास ढकलत राहायची. ते बघून तिला आईचं जेवण आठवलं. सुट्टीच्या दिवशी तिघी एकत्र जेवायला बसल्या की आई असंच करायची. एक घास, एक घोट, डोळे मिटलेले. मग शेवटचे दोन घास लाडाने नातीकडे सरकवायची.

एकदा तिने मधूनच ताट उचललं. गुंडीने दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं. आवाज न करता रडत होती. दुसऱ्या दिवशी जेवता जेवता तिला उलटी झाली. तिने चूळ भरली आणि परत येऊन त्याच खुर्चीत बसली.

"पुरे आता, गुंडी. आजारी पडशील."

"अजून उरलंय."

दुकानाशेजारच्या इस्त्रीवालीला तिने हे सांगितलं. एरवी गुंडी दिसली की ही बाई विचारायची, पोटात कोण बसलंय गं तुझ्या? आज तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हातारीचं काही राहून गेलं असेल. विचारून बघ."

"कुणाला विचारू? खुर्चीला?"

"खुर्चीला विचार. तुझं काय जातंय? पोर तर सुटेल."

असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण पोरीचे सुजलेले डोळे दिवसभर तिच्या सुईपुढे येत राहिले. त्या दिवशी तिने दुकान लवकर बंद केलं.

घरी येऊन तिने तिन्ही ताटं वाढली. आजीच्या ताटात आपणहून पोटभर वाढलं. गुंडीचं ताट संपलं, ती उतरून त्या खुर्चीत जाऊन बसली. गुंडी चमचा उचलणार, तेवढ्यात तिने मागून येऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. आपण वेड्यासारखं करतोय हे तिला कळत होतं. इतकी वर्षं ती ताटं बघत आली होती. हे मात्र तिने आईला कधीच विचारलं नव्हतं.

"आई, जेवलीस का गं?"

फ्रिज घरघरत राहिला. गुंडीने वळून वर बघितलं.

"कुणाला विचारतेस?"

"आजीला."

"आजी कुठे जेवायची?" गुंडी म्हणाली. "तिच्या घशातून उतरायचंच नाही. तुला कळू नये म्हणून तू यायच्या आत तिचं ताट मी संपवायचे. त्या दिवशी माझ्याच्यानं नाही संपलं, तर तिने ते खिडकीत आलेल्या मांजरीला घातलं. आणि सकाळी ती उठलीच नाही." तिने चमचा भरून घेतला. "आता मी काहीच उरू देत नाही."