पांढऱ्या भिंती

अर्जेंटिनातल्या आमच्या कोर्दोबात विद्यापीठ आणि नगरपालिका मिळून दरवर्षी राजकीय सिनेमांचा महोत्सव भरवतात. यंदा प्रश्नोत्तरांचं काम माझ्याकडे होतं, म्हणून आजोबा आले. आले तेही कुरकुरतच. "लष्करी राजवटीला शिव्या घालायला तुम्हाला निमित्तच लागतं. त्या वर्षांत मी दक्षिणेत मेंढ्या राखत होतो. मला नाही कुणी कुणाला छळताना दिसलं!"

सिनेमा लष्कराच्या एका छळछावणीवरचा होता. दिग्दर्शिका नेलिदाबाई तरुणपणी स्वतःच तिथे कैदेत होत्या. सिनेमा संपून दिवे लागले आणि आजोबा ताडकन उठले. मी त्यांच्यापुढे माईक धरला.

"थापा मारताय बाई तुम्ही! म्हणे पांढऱ्या भिंती! अहो, कमरेपर्यंत हिरव्या होत्या त्या. आणि खिडकी एकच, तीही पार छताजवळ. माहीत नसेल तर सिनेमे काढता कशाला?"

पोरांनी शिट्ट्या मारून सभागृह डोक्यावर घेतलं. "ए म्हाताऱ्या, खाली बस!"

नेलिदाबाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"पांढरा रंग मी मनानंच दिला, साहेब. दारातच आमचे डोळे बांधले होते, ते बाहेर काढेपर्यंत सोडले नाहीत. सत्ता सोडून जाताना तुमच्या लष्करानं ती इमारतही पाडून टाकली. आमच्यातल्या एकानंही त्या भिंती पाहिलेल्या नाहीत. तुम्ही कधी पाहिल्यात?"

आजोबांनी माईक बाजूला ढकलला.

मी तो पुन्हा त्यांच्या तोंडासमोर धरला.