शिसवी मूठ

“ताई, घोळ झालाय. हा उजवा हात आहे,” मिस्त्री म्हणाला आणि त्याने मातीचा गोळा तिच्यासमोर ठेवला.

परवा बाबा एकटेच मिस्त्रीच्या दुकानात येऊन त्या ओल्या मातीत हात दाबून गेले होते. चार बोटांच्या खोबणी आणि अंगठ्याचा खड्डा. त्याबरहुकूम गाडीच्या गिअरला शिसवी मूठ करायची होती. मिस्त्री तेव्हा लेथवर होता, त्याने पाहिलंच नव्हतं. तिने गोळ्यावर डावा हात ठेवून बघितला. अंगठा भलतीकडेच जात होता.

“गिअर डाव्या हातानेच टाकतात ना हो?” तिने विचारलं.

“निदान माझ्या गाडीत तरी,” मिस्त्री हसला.

ती हसली नाही. जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाचा गिअरचा हात चुकतो म्हणजे काय?

गेल्या महिन्यात शाळेच्या फाटकाशी बाबांची गाडी फुटपाथवर चढली होती. पोरं बाजूला पळाली म्हणून निभावलं. “ब्रेक उशिरा लागला,” बाबा म्हणाले. ब्रेक कसला उशिरा लागतोय, पाय उशिरा पडला होता! पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? आई गेल्यापासून घरात ती दोघंच. तिने एकदा विषय काढला, तर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पुन्हा काढला, तर भरल्या ताटावरून उठले. लायसन्स तिच्याकडेही होतं, पण कपाटात. गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला बाबांना खपत नसे. आणि आता गाडी सोडायचं राहिलं बाजूला, उलट गाडीलाच दागिने घडवायला निघाले होते!

“काकांना परत बोलावतो. नवा ठसा घेऊ,” मिस्त्री म्हणाला.

“नको. आहे तसाच करा.”

“अहो, हातात बसणार नाही. लाकूड वाया जाईल आणि शिव्या मला बसतील.”

“माझ्यावर ढकला. मी सांगून पटत नाही, निदान मूठ हातात घेतल्यावर तरी पटेल.”

मिस्त्रीने डोकं खाजवलं. “बापलेकीच्या भांडणात माझं सँडविच,” असं पुटपुटत त्याने कानस उचलली.

बाबा रोज दुकानात फोन करून विचारत होते, झाली का, कुठवर आली, पॉलिश कसलं लावताय. जेवताना तिला सांगत होते, “शिसवाला हात लावून बघ एकदा. प्लॅस्टिक त्याच्यापुढे पाणी भरेल.” ती मान खाली घालून जेवायची. बापाला तोंडघशी पाडायला निघालोय आपण, या विचाराने तिला स्वतःचीच चीड यायची. मग ते फाटक डोळ्यांसमोर यायचं आणि ती गप्प बसायची.

मूठ बसवायला मिस्त्री घरी आला, तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आधीच गाडीपाशी उभे होते. मिस्त्रीने जुनी मूठ फिरवून काढली, नवी आट्यांवर चढवली, घट्ट आवळली आणि फडक्याने पुसली. त्याने बाबांकडे एकदाही पाहिलं नाही.

बाबा खिडकीतून वाकून बघत होते. “झकास! काय हात आहे तुमचा, मिस्त्री!”

“बसून बघा ना, काका,” मिस्त्री हळूच म्हणाला आणि त्याने तिच्याकडे नजर टाकली.

आता तिला राहवेना. बाहेरच्या माणसासमोर त्यांचं हसं व्हायला नको.

“बाबा, थांबा. रागावू नका. ठसा देताना तुमचा हात चुकला.”

“चुकला?”

“उजवा दिलात.” तिचे डोळे भरून आले. “मला ठाऊक होतं. मीच यांना गप्प बसवलं. मला भीती वाटते, बाबा. तुमची वाटते, रस्त्यावरच्या पोरांची वाटते.”

बाबांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. बॉनेटला वळसा घालून ते पलीकडे गेले, डावीकडचं दार उघडून आत बसले आणि उजवा हात मुठीवर ठेवला. बोटं आपापल्या खोबणीत चपखल बसली.

“ये, बस. क्लच तू दाब, गिअर मी टाकतो.”