एकाच रक्तात

पुण्याला मलेरियाच्या जंतूंवर संशोधन करणाऱ्या आचलचा फोन आला, तेव्हा समुद्रपुरात तिची आई कौशल्याबाई तुरीच्या शेंगा सोलत होती.

"आज काय पाहून राह्यली वं दुर्बिणीत?"

"आई, या जंतूंतले नर-मादी माणसाच्या रक्तात सोबतच फिरतात, पण एक होत नाईत. मच्छराच्या पोटात गेले, तरच त्यांचं मीलन होते."

"अन् मच्छर चावलाच नाई तं?"

"तसेच मरून जातात."

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आचलचे बाबा, मधुकरराव, पेपरात डोकं खुपसून बसले होते. कौशल्याबाईनं एकवार तिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"संक्रांतीले येजो वं बाई. तू घरात असली म्हंजे तुहे बाबा माह्यासंग बोलतात."