कुजेना

वहिनीने खुरप्याने माती उकरली आणि हाताला लागलेली बाही ओढून बाहेर काढली. दादाच्या जुन्या सुती सदऱ्याची बाही. माती तपासणाऱ्या माणसाने ती दोन महिन्यांपूर्वी इथे पुरायला सांगितली होती. जिवंत मातीत एव्हाना तिची नुसती शिवण उरली असती. ही तर झटकून घालता आली असती.

"कापड चांगलं होतं, म्हणत होतो ना मी!" गोठ्याच्या दारातून दादा ओरडला. कुणी हसलं नाही.

गुरांची डॉक्टर बॅग घेऊन बांधावर उभी होती. ती दादाची धाकटी बहीण. आजारी गाय बघायला आली होती. तीन वर्षं या गोठ्यातली प्रत्येक सुई तिच्याच हातची. समोर वहिनीचा भाजीमळा होता. पानं पिवळी, रोपं खुजी. वाफ्यात गेल्या वर्षीचे देठसुद्धा जसेच्या तसे.

"शेणखत तर भरपूर घालतेस," ती म्हणाली.

"खत आहे हो. ते मोडून मुळांना भरवणारे जीवच मेलेत. भरल्या ताटासमोर उपाशी बसलंय रान." वहिनीने बाही तिच्यासमोर धरली. "तो माणूस म्हणाला, गुरांना दिलेलं जंतू मारायचं औषध बरंचसं शेणामुतातून तसंच बाहेर पडतं. खरं का, ताई?"

खरं होतं. सुई दिल्यावर किती दिवस दूध वापरायचं नाही, हे तिने दर वेळी बजावलं होतं. शेणाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

"शेण वर्षभर कुजू दे," ती म्हणाली. "कुजलं की औषधाचा जोर ओसरतो."

"आणि कुजवणार कोण? तुमचं औषध ज्यांना मारतं, तेच ना? त्या ढिगात हात घालून बघा. पूर्वी वाफ यायची."

बांधालगतच्या खताच्या ढिगात तिने कोपरापर्यंत हात घातला. आत गार होतं.

"अगं, येतेस ना?" दादाचा आवाज चढला. "बसली ती. उठेना!"

गाय मान टाकून बसली होती. कास दगडासारखी, अंग तापलेलं.

"सुई नाही दिली तर?" मागोमाग आलेल्या वहिनीने विचारलं.

"उद्यापर्यंत जाईल."

"दुसरं काही?"

"यावर नाही."

वहिनीच पुढे झाली आणि गायीचं डोकं मांडीशी घट्ट धरून म्हणाली, "द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पुढची सुई द्यायला आली, तेव्हा गाय उभी राहून चारा खात होती. दादाचा चेहरा फुलला होता. तेवढ्यात गायीने शेण टाकलं. वहिनीने हातासरशी ते पाटीत भरलं, पाटी कमरेवर घेतली आणि ती दारात थबकली. डावीकडे मळा. उजवीकडे ढीग. पलीकडे विहीर.

"ताई, हे कुठे टाकू?"

वहिनीने पाटी कमरेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेतली आणि ती तिथेच उभी राहिली.