जंदादचं लोखंड, मिरबाजचं लाकूड

"लोखंड तुमचं, लाकूड पेशावरचं," असं म्हणत मलिक बहरमंदनं नवी रायफल जंदादच्या बाकावरून उचलली. तिला अजून लाकडी दस्ता बसायचा होता. नळी, घोडा, चाप, सगळं उघडंवाघडं.

जंदादच्या हातातली कानस थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे एवढी देखणी चीज मी त्या समोरच्या सुताराच्या हाती देणार नाही. पेशावरला माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे. पॉलिश असं करतो की त्यात तोंड बघून दाढी करावी. शुक्रवारी धाकट्या मुलाचं लग्न. पहिला बार मी काढणार."

समोरचा सुतार म्हणजे जंदादचा धाकटा चुलत भाऊ मिरबाज; जंदादला तो लाला, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचा. दर्रा बाजारात बंदुका घरोघरी बनतात आणि भाऊबंदकीही घरोघरी असते. पण या दोघांची ऐकायला लोक मुद्दाम चहाच्या दुकानात येऊन बसत. जंदादची रायफल तयार झाली की दस्ता बसवायला गल्ली ओलांडून मिरबाजकडे जायची, आणि तिच्या मागोमाग जंदादचा आवाज जायचा.

"दस्ता सांगितला होता, खाटेचा पाय नव्हे."

मिरबाज रंधा न थांबवता म्हणायचा, "लाला, आतलं लोखंड झाकायचं असतं. लाकूड जाड ठेवावंच लागतं."

"अक्रोडाचं झाड शंभर वर्षं वाढलं, ते काय तुझ्या हातून मरायला?"

"तुमच्या हातून मरण्यापेक्षा बरं."

चार वर्षं हे रोज चाललं होतं. तरी जंदादनं एकही रायफल दुसऱ्या सुताराकडे पाठवली नव्हती. लोक म्हणत, शिव्या द्यायला इतका जवळचा माणूस दुसरा कुठं मिळणार? आणि रायफलीही अशा निघत की वजीरिस्तानातून माणसं यायची. नाव अर्थातच जंदादचं व्हायचं. लाकडाला कोण विचारतो?

आता जंदाद खाकरला. "मिरबाज तसा... बरा आहे."

"कोण?" मलिकनं कान पुढे केला.

"मिरबाज. हात बरा आहे त्याचा."

चहाच्या दुकानात सगळ्यांच्या माना वळल्या. कुणीतरी नसवारीची तंबाखू तोंडात टाकता टाकता थांबलं.

"उस्ताद," मलिक म्हणाला, "गेल्या महिन्यात इथंच, माझ्यासमोर तुम्ही म्हणालात की याला सरपण फोडायलासुद्धा ठेवू नये."

"सरपणाचं वेगळं," जंदाद म्हणाला. "सरपणात त्याला गती नाही. दस्त्यात आहे."

कौतुक करायची जंदादला सवय नव्हती. दोन वाक्यांत ते संपलं. मलिकनं हसत हसत रायफल चादरीत गुंडाळली आणि तो जीपकडे चालू लागला.

जंदाद उठला. भिंतीला हात लावत पायऱ्या उतरला आणि गल्लीच्या मधोमध उभा राहिला.

"मलिकसाहेब, थांबा. ती खांद्याला लावू नका."

मलिक वळला.

"चार वर्षं झाली, मला दिसत नाही," जंदाद म्हणाला. "बोटांनी चाचपून काम करतो. बोटं चुकतात. दस्ता बसवायच्या आधी मिरबाज माझी प्रत्येक रायफल खोलतो. वाकडं असेल ते सरळ करतो, ढिलं असेल ते बदलतो, मग डोंगराकडे नेऊन बार काढून बघतो. कुणी विचारू नये की याच्याकडे रायफल आठ आठ दिवस का पडून असते, म्हणून मी त्याच्या नावानं बोंबलत असतो. ही अजून त्याच्या हाताखालून गेलेली नाही. चाप ओढलात तर काय होईल ते मला सांगता येणार नाही."

कोपऱ्यावर एक गिऱ्हाईक हवेत बार काढून पारख करत होतं, त्यानं बंदूक खाली घेतली. चाळीस वर्षांत कमावलेलं नाव जंदादनं चहा निवायच्या आत गल्लीत आणून ठेवलं होतं. आता ते कुणी कसं तुडवायचं एवढाच प्रश्न उरला होता.

तेवढ्यात मिरबाजच्या दुकानातून हसू ऐकू आलं. पोट धरून हसावं तसं.

"ऐकलंत, मलिकसाहेब?" मिरबाज रंधा हातात घेऊनच दारात आला. "काम घराबाहेर जाऊ नये म्हणून हा माणूस आंधळा व्हायला तयार आहे. उद्या तुम्ही इस्लामाबादचा सुतार आणलात तर हा मरूनही दाखवेल. जनाज्याची तयारी ठेवा."

आधी चहावाला हसला, मग सगळा बाजार. मलिकला तर हसता हसता ठसका लागला.

"लाला, एवढं प्रेम होतं तर आधी सांगायचं," मिरबाज म्हणाला, आणि त्यानं मलिकपुढं हात केला. "द्या इकडं. अक्रोडाचा जुना, मुरलेला तुकडा काढतो. गुरुवारी संध्याकाळी घेऊन जा. नाही आवडला तर पेशावरला जायला जीप आहेच तुमची."

मलिकनं डोळे पुसले आणि रायफल त्याच्या हाती दिली. "तुमच्या घराण्यात नाटकवाले कसे झाले नाहीत?"

जीप गेली. लोक पुन्हा आपापल्या चहाकडे वळले. जंदादचे डोळे उत्तम आहेत आणि जीभ त्याहून उत्तम, यावर बाजाराचं एकमत झालं.

जंदाद मात्र अजून गल्लीतच उभा होता. भर दुपारचं ऊन होतं. मग पावलं मोजत तो पलीकडे गेला, मिरबाजच्या दुकानात शिरला, आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलू लागला.

"मिरबाज, माझ्या सख्ख्या भावानंही हे केलं नसतं. आज तू माझी पगडी राखलीस. चार वर्षं तुला बोललो, त्यातला एक शब्दही खरा नव्हता. अख्ख्या दर्रा बाजारात तुझ्यासारखा हात नाही."

मग मागच्या कोपऱ्यातून हलक्या आवाजात मिरबाज म्हणाला,

"लाला, ती खुंटीला टांगलेली माझी चादर आहे. मी इकडं बसलोय. पुन्हा म्हणा."